केळ्याचं कलम

आमच्या हिच्याइतकी हट्टी बाई अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात दुसरी असेल तर दाखवा, मी तिला फुकट चोळी शिवून देईन. मी शिंपी माणूस. फुकट हा शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाही, यावरून काय ते समजा.

सगुणाचं माहेर पालीचं. तिथं मागच्या परसात एक रायवळ आंबा होता. त्याला सगळे केळ्या म्हणायचे, कारण पिकला की त्याला केळ्यासारखा वास यायचा. फळ मुठीएवढं, साल जाड, आत नुसते दोरे. दर वैशाखात तिचा धाकटा भाऊ काशीराम टोपलीभर केळ्याचे आंबे घेऊन यायचा. मग ही मागच्या पायरीवर बसायची आणि रस कोपरापर्यंत ओघळेस्तोवर चोखत राहायची. त्या वेळी घराला आग लागली असती तरी तिला हाक मारायची सोय नव्हती.

"अगो, हापूसच्या गावात राहतेस आणि या दोऱ्यांच्या गोळ्यासाठी जीव टाकतेस?" मी म्हणायचो.

"हापूस तुमचा. हा माझा."

एकोणीसशे वीस-एकवीस सालची गोष्ट. एक दिवस म्हणाली, केळ्याचं झाड आपल्या परसात हवं. मी विचारलं, कशाला? म्हणाली, हवं म्हणून. आता यावर नवऱ्यानं काय बोलायचं?

तिनं कोय पुरली. कोयीतून झाड येतं, चव येत नाही, हे रत्नागिरीतलं शेंबडं पोरही सांगेल. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलं, मी सांगितलं. पण ही ऐकेल तर ना! सात-आठ वर्षं तिनं त्या झाडाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. शेवटी फळ धरलं, पिकलं, आणि काय सांगू, त्यापुढे चिंच गोड म्हणायची. मी पोट धरून हसलो. पुढच्या वर्षापासून त्या कैऱ्यांचं लोणचं घातलं आणि ते मला वाढलं.

मग ती राजिवड्याच्या अलीभाईंकडे जाऊन बसली. अलीभाई बागायतदारांना हापूसची कलमं बांधून द्यायचे. कुंडीतलं रोप मांडवावर चढवून झाडाच्या फांदीशी आणायचं, दोघांची साल तासून जखमेला जखम भिडवायची, केळीच्या सोपटानं आवळून बांधायचं आणि सांधा जुळेपर्यंत रोपाला पाणी घालायचं. जुळल्यावर फांदी सांध्याच्या खालून कापायची, तीही एका दमात नाही, थोडी थोडी. "बायजी, रायवळीचं कलम कोण बांधतं?" असं म्हणून अलीभाई हसले. पण हिनं त्यांच्या मांडवाखाली ठाण मांडलं. महिन्याभरानं ते माझ्या दुकानात आले आणि हात जोडून म्हणाले, "भिकाजीशेट, हिला आता घरी ठेवा. झाडं गप्प असतात म्हणून मी हा धंदा धरला होता."

तिनं सगळं काशीरामला शिकवलं. काशीराम सोन्यासारखा माणूस, पण उतावळा. शेतीच्या कामातून त्याला फुरसत मिळाली ती गणपती गेल्यावर. तेव्हा कुठं त्यानं कलम बांधलं. दिवाळीपर्यंत सांधा कच्चाच होता. पण त्याच्या मनात काय आलं, यंदा भाऊबीजेला ओवाळणी घालायची तर केळ्याचीच! सण साधायचा म्हणून त्यानं एका घावात फांदी तोडली आणि कुंडी डोक्यावर घेऊन पालीहून चालत आला. घामानं निथळत होता आणि हसत होता.

हिनं नुसता सांधा पाहिला आणि ओळखलं. पण भावाला एका शब्दानं बोलली नाही. त्याला ओवाळलं, कुंडीलाही ओवाळलं, त्याला पोटभर जेवू घातलं. आठवड्याभरात कलम वाळलं. चुलीपुढे बसून रडत होती, विचारलं तर म्हणाली, धूर झालाय. चूल पेटलेली नव्हती.

पुढचं कलम माकडांनी लोळवलं. त्यानंतर बत्तीस सालच्या उन्हाळ्यात काशीराम आला तो मान खाली घालून. केळ्याची एक फांदी गोठ्यावर कोसळली होती, रेडकू थोडक्यात वाचलं. दुसरी फांदी पडवीवर झुकलेली, आणि पडवीत त्याची पोरं झोपायची. "बाय, दिवाळी झाली की तोडतो. मला दुसरा इलाज नाही गो."

"तोड," ती म्हणाली. "पोरांपेक्षा झाड मोठं नाही." आणि आषाढ लागल्याबरोबर तिनं बोचकं बांधलं. "मी पालीला जाते."

"किती दिवस?"

"सांधा जुळेपर्यंत."

भर संसारातली बाई झाडासाठी पावसाळाभर माहेरी! शिंप्यानं बायको टाकली, अशी आळीत बोलवा उठली. मी पेज करून खात होतो आणि रोज मनातल्या मनात तिला फैलावर घेत होतो. गणपतीला तरी येईल म्हणून वाट बघत होतो, तर निरोप आला, भादव्यात पावसानं दडी मारलीये, एक दिवस पाणी चुकलं तर कुंड्या मरतील, मी येत नाही.

माझं डोकंच फिरलं. घरात गणपती आणि घरची बाई नाही! मोदक मी केले. एकाचीही कळी उभी राहिली नाही, सगळे फुटले. देवानं गोड मानून घेतले, तो बिचारा कुठं बोलतोय. दीड दिवसाचं विसर्जन झालं, उरलेले मोदक फडक्यात बांधले आणि बैलगाडीनं निघालो. हातखंब्यापासून पालीपर्यंत मी तिला काय काय सुनवायचं त्याची उजळणी करत होतो.

परसात गेलो तर ही खालच्या पऱ्यावरून पाण्याची कळशी घेऊन चढत होती. पाय भेगाळलेले, चेहरा रापलेला, खांद्याची हाडं दिसायला लागलेली. मांडवावरच्या पाच कुंड्यांतल्या चार सुकल्या होत्या. पाचवीच्या सांध्यापाशी एवढीशी तांबूस पालवी होती.

मला बघून म्हणाली, "आलात? ही धरा. मी शिडीवर चढते, खालून द्या."

मी कळशी धरली. खरं सांगतो, त्या क्षणी मला ती लग्नातल्यापेक्षा सुंदर दिसली, आणि हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही. पाणी घालून झाल्यावर तिनं फडकं सोडलं. "शी, काय हे मोदक," म्हणाली आणि एकामागून एक सगळे खाल्ले.

दुकान बंद ठेवून मी पाऊस परत येईपर्यंत तिथं पाणी भरलं. आळीला म्हटलं, बोला काय बोलायचं ते.

नवरात्र संपल्यावर तिनं फांदी कापली, थोडी थोडी, अलीभाईंनी शिकवली तशी. काशीरामला जवळही येऊ दिलं नाही. कलम घरी आलं, परसात लागलं. दिवाळीनंतर पालीचं झाड तुटलं. त्या दिवशी ती जेवली नाही. आता केळ्या म्हणून जगात होता तो आमच्या परसात, माझ्या गुडघ्याएवढा.

यंदा पौषात त्याला मोहोर आला. सकाळी मीच पहिल्यांदा पाहिला आणि पोरासारखा धावत घरात गेलो. "अगो सगुणा, मोहोर! यंदा केळ्या खायचा!"

ती आली. मग वाकून तिनं पहिला तुरा खुडला.

"हे काय करतेस?"

"अलीभाई म्हणाले होते. कोवळ्या झाडावर फळ ठेवलं तर झाड खंगतं. अजून तीन वर्षं खुडायचा."

"एक तरी ठेव. एकच."

"नाही." एकेक तुरा खुडून ती पदरात टाकत होती. मला ते बघवेना. माझी पंचावन्न उलटली, दमा हिवाळाभर बसू देत नाही की झोपू देत नाही, तरी विडी काही सुटत नव्हती. मनात होतं ते बोलून गेलो. "तीन वर्षं! तोवर मी असेन की नाही कोणास ठाऊक."

ती थांबली. खुडलेल्या मोहोरानं भरलेला पदर तसाच धरून माझ्याकडे वळली, डोळे काठोकाठ भरलेले. "असायचंय तुम्ही," म्हणाली. "मी काय एकटीच पायरीवर बसून चोखू?" आणि उरलेला मोहोर खुडायला लागली.

त्याच दिवशी मी विडी सोडली. जीव नुसता कासावीस होतो हो, सुईत दोरा ओवताना हात कापतो. पण तिनं एवढी वर्षं काढली, मला तीन काढायची आहेत.