कापणारा

"बाबा, टेलर या शब्दाचा मुळात शिवण्याशी संबंधच नाही," लेक म्हणाली. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि रविवारी माहेरी आली की दुकानातल्या स्टुलावर बसून पेपर तपासायची. "मूळ फ्रेंच, त्याच्याही मागे लॅटिन. टेलर म्हणजे कापणारा. रिटेल, डिटेल हे सगळे त्याच घरातले. रिटेल म्हणजे मोठ्यातून कापून दिलेला तुकडा."

बाबांनी, म्हणजे टेलरमास्तरांनी, आखायचा खडू खाली ठेवला. उभा जन्म कापडात गेला आणि हे आज कळत होतं.

"ऐकलंस का गं?" त्यांनी मशीनकडे तोंड करून विचारलं. "कापणारा तो टेलर. तू नुसती शिवणारी."

"बरं झालं सांगितलंत," बायको मशीन न थांबवता म्हणाली. "उद्यापासून गिऱ्हाइकांना तुकडेच द्या गुंडाळून."

दुकानातली वाटणी लग्न झालं तेव्हापासूनची होती. मास्तरांनी कापायचं, तिने शिवायचं. दोरा तोडायला तिची छोटी कात्री होती. मोठ्या कात्रीला तिने कधी हात लावला नव्हता, मास्तरांनी लावू दिला नसता. त्यांना कागदाचे साचे लागत नसत. खडूने थेट कापडावर आखायचं आणि कात्री चालवायची. याचा त्यांना गर्व होता आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. शब्दाचा अर्थ कळल्यावर तर त्यांना मूठभर मांस चढलं. पँट आखूड करून घ्यायला आलेल्या माणसाचीही लॅटिन ऐकल्याशिवाय सुटका होईना.

हात थरथरतो हे मात्र ते कुणाला सांगत नव्हते. रेघ हलली की खडूला नावं ठेवायचे. कात्री अडखळली की तिला धार लावून आणायचे. कापणं सुटलं तर या दुकानात आपलं काम काय, या विचाराने त्यांना धडकी भरायची.

अशात ओळखीचा पोस्टमन कोटाचं कापड घेऊन आला. त्याच्या मुलीने परदेशातून पाठवलं होतं, तिच्याच लग्नात त्याला घालायला. कापड चौकड्यांचं, आणि चौकडी जुळवायची तर एकेक भाग सुटा कापावा लागतो. पुढचा एक भाग कापला की तो उलटून ठेवायचा आणि त्यावरून दुसरा आखायचा. पण त्या दिवशी मास्तरांचा सगळा जीव हात स्थिर ठेवण्यात गुंतला होता. रेघ सरळ आली. कात्रीही सरळ चालली. खुशीत त्यांनी दोन्ही भाग बायकोकडे दिले.

तिने ते मांडीवर जुळवून पाहिले.

"अहो, हे दोन्ही डाव्या बाजूचे आहेत."

मास्तरांनी तुकडे उलटे केले, सुलटे केले. कापडाची चांगली बाजू एकच, उलटून भागणार नव्हतं. ही चूक नवशिके करतात, तीही एकदाच.

"ठेव बाजूला. बघतो मी."

"आणि आता सांगूनच टाकते, रागावू नका. हल्ली तुमच्या कडा वाकड्या येतात. मी शिलाईत घेते ओढून."

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते?"

मास्तरांना आधी राग आला, मग लाज वाटली. ज्या कपड्यांसाठी लोकांनी त्यांची पाठ थोपटली होती, ते तिने सावरलेले होते. ते दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले.

आत बायकोने उरलेलं कापड टेबलावर पसरलं. "पाठीच्या कापडातून उजवी बाजू निघेल," ती म्हणाली. "पाठ मग अस्तराची करावी लागेल. बाह्यांना चौकडी काही जुळणार नाही. कोट गेला. बिनबाह्यांचं जाकीट होईल."

सांगायला मास्तर स्वतः गेले. पोस्टमनच्या दारात उभं राहून त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"कापड इथे मिळायचं नाही हो," पोस्टमन म्हणाला.

"माहीत आहे. चूक माझी. मुलीलाही माझंच नाव सांगा."

पोस्टमनने दाराची कडी उगाच खालीवर केली. "जाकीट तर जाकीट," शेवटी तो म्हणाला. "लग्न माझं थोडंच आहे." पण तो हसला नाही आणि आत या असंही म्हणाला नाही.

मास्तर परत आले तेव्हा बायकोने उजवी बाजू आखून ठेवली होती. कात्री होती तिथेच होती. मास्तरांनी ती उचलली आणि मूठ तिच्याकडे केली.

"मी?" ती म्हणाली.

"मग काय शेजारणीला बोलावू? खालचं पातं टेबलावरून उचलू नकोस. आणि घाई करू नकोस."

तिने कापायला सुरुवात केली. कापड सरकू नये म्हणून मास्तरांनी पलीकडचं टोक दाबून धरलं. थोड्या वेळाने कापड थरथरू लागलं. कात्री थांबली. बायकोने मान वर केली नाही. नुसती थांबून राहिली.

मास्तरांनी हात काढून घेतला. कोपऱ्यातली थंड इस्त्री दोन्ही हातांनी उचलून त्या टोकावर ठेवली आणि बटणांचा डबा घेऊन ते दाराशी उजेडात बसले. पाठीमागे कात्री पुन्हा चालू झाली. बटणं निवडता निवडता ते ऐकत होते. आवाजावरूनच त्यांना कळत होतं, कात्री सरळ चालली होती.