दोन टोपणं

आमची मुलगी तीन आठवड्यांची झाली तेव्हा नाशिक रोडच्या आख्ख्या कॉलनीत तिच्याइतकं शहाणं मूल नव्हतं. ती रडत नसे. दूध मागत नसे. लोक बघायला येत, ती झोपलेली असे. लोक जात, तरी झोपलेली असे. माझ्या सासूबाई मालनबाई बाळंतपणासाठी नामपूरहून आल्या होत्या. त्या सगळ्यांना सांगत, "पोर गुनी शे. दुपटीसुद्धा कमी ओली करस."

मला बरं वाटायचं. माझ्यावर गेली, असं मी म्हणायचो. मीही कामावर असाच असतो.

बरं वाटत नव्हतं ते फक्त चांगुणाला. "अहो, ही चार वेळा ओढते आणि सोडून देते," ती म्हणायची. "डोळे उघडले तरी माझ्याकडे बघत नाही." ती स्वतःही भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगायची. बाळंतीण थकतेच, असं सगळे म्हणत होते. सगळे म्हणत होते म्हणून मीही म्हणालो.

हे कुठून सुरू झालं ते सांगतो. एकोणऐंशीचा डिसेंबर होता आणि थंडीने चांगुणाचे दात वाजत होते. शेजारच्या अंबूबाईंनी तीस वर्षं दवाखान्यात आयाचं काम केलेलं. त्या मला ओट्यावर गाठून हळूच म्हणाल्या, "ब्रँडी आणा. रोज दोन टोपणं. सकाळी एक, संध्याकाळी एक, ऊन पाण्यातून. अंगातली थंडी पळते. अद्धा आणलात तर सव्वा महिना जातो."

अडचण अशी की मी आमच्या विहाराच्या तरुण मंडळाचा चिटणीस होतो. दर रविवारी पंचशील मीच म्हणवून घ्यायचो, आणि पाचव्या, दारू वर्ज्य करणाऱ्या शिलाला आवाज जरा चढवायचो. दारूविरुद्धचा फलकही माझ्याच हातचा. त्यातला 'दारू' हा शब्द चुकून एवढा मोठा झाला होता की लांबून जाहिरात वाटायची.

कामावरच्या धोंडीरामकडे दारूचं परमिट होतं. सरकारच्या मते त्याची प्रकृती दारूवाचून टिकणारी नव्हती. धोंडीराम रोज तालमीत शंभर जोर काढायचा. त्याने अद्धा आणून दिला आणि डोळा मारला. तो डोळा मला आठवडाभर पुरला.

ब्रँडीची बाटली विहाराचा चिटणीस घरात ठेवणार कशी? मी ती ब्रँडी टॉनिकच्या एका जुन्या बाटलीत ओतली आणि वर लाकडी बूच ठोकलं. मूळ बाटली टोपणासकट वालदेवीच्या पुलावरून खाली टाकली. सासूबाईंना म्हणालो, "शक्तीचं औषध आहे. सकाळी एक टोपण, संध्याकाळी एक. तेवढंच ऊन पाणी घालायचं."

चांगुणाने वास घेतला. "कसला वास येतोय हो?"

"द्राक्षाचा," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. नंतर मी ते स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं.

पाचव्या दिवशी सकाळी कामावर निघताना मी सहज बाटली उचलली. तळाशी बोटभर उरलं होतं.

"सासूबाई, हे सांडलं का?"

"नही बा, जावईबापू. तुम्ही सांगं तसंच दिधं. टोपन-टोपन."

"कुठलं टोपण?"

"बाटलीले टोपन कोठे शे? बूच शे. मंग घरमा एकच टोपन सापडनं." त्यांनी फडताळातून काढून माझ्या हातात ठेवलं.

ते माझ्या थर्मासचं टोपण होतं. कामावर मी त्यातून चहा पितो. चांगला अर्धा कप मावतो. सासूबाई काटेकोर बाई. अर्धं औषध, अर्धं पाणी, दोन्ही वेळा काठोकाठ. सव्वा महिन्याचं शक्तीचं औषध माझ्या बायकोने चार दिवसांत घेतलं होतं, आणि त्यातलं जे काही पुढे जात होतं ते आमच्या शहाण्या मुलीला जात होतं.

"आज दिलं?"

"आठलेच दिधं."

मी मुलीच्या तळपायावर टिचकी मारली. पाय जरासा आखडला आणि पुन्हा पडून राहिला. मी आजवर कुणाच्या रडण्यासाठी एवढा थांबलेलो नव्हतो.

टांग्यातून डॉक्टरीणबाईंकडे जाताना चांगुणा विचारत होती, "झालंय काय? सांगा ना." मी म्हणालो, "वजन करून आणू." थर्मासचं टोपण माझ्या खिशात होतं. पँटचा खिसा एवढा फुगला होता की टांगेवाला अदबीने सरकून बसला.

डॉक्टरीणबाईंनी मुलीला काट्यावर ठेवलं. गेल्या वेळेपेक्षा नव्वद ग्रॅम कमी. त्यांनी पापणी उघडून पाहिली, छातीला नळी लावली.

"हिला काही चाटवलंत? अफू? बाळगोळी?"

"नाही," चांगुणा म्हणाली. "अंगावरच पिते."

"मग तू काय घेतेस?"

"शक्तीचं औषध. द्राक्षाचं आहे."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून टोपण काढून टेबलावर ठेवलं. असं करण्यात काही अर्थ नव्हता, पण हात मोकळे होते.

"ब्रँडी," मी म्हणालो. "सकाळ-संध्याकाळ. आजही आठला. हे अर्धं. बाटलीच्या टोपणाने सांगितलं होतं, पण बाटलीला टोपण नव्हतं."

"का नव्हतं?"

"मी चिटणीस आहे."

याचा त्यांना उलगडा झाला नाही. चांगुणाला झाला. तिने टोपणाकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"हे बघ बाई," डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "जे तुझ्या रक्तात, ते तुझ्या दुधात. आठला घेतलंस ना? दोन वाजेपर्यंत छातीला लावायचं नाही. तोवर वाटी-चमच्याने पावडरचं दूध. पोर नीट जागी होऊन नीट पिईपर्यंत इथून हलायचं नाही."

"दूध पिळून टाकलं तर लवकर उतरेल?" चांगुणाचा आवाज अगदी सपाट होता.

"नाही. रक्तात आहे तोवर नवं येईल तेही तसलंच. वेळच जावी लागते. छाती दुखली तर पिळ, एवढंच."

"आणि खरंच बाटलीचं टोपण असतं तर चाललं असतं?" हे मी विचारलं. का विचारलं देव जाणे, आणि मी तर देव मानत नाही.

"थंडीला गोधडी असते. एवढ्या लहान पोराच्या आईने घेऊच नये. पोर मोठं झाल्यावर एखादीने घोटभर घेतलीच, तर आधी पोराला पाजायचं, मग घ्यायची, मग दोन-तीन तास थांबायचं. आणि तेव्हा पोराला कुशीत घेऊन झोपायचं नाही. पण तिने, मिस्टर. तिने ठरवून."

आम्ही बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर सुदृढ बालकाचं चित्र होतं. ते आमच्याकडे बघून हसत होतं. सव्वा वाजता मुलीने तोंड वेडंवाकडं केलं, लाल झाली आणि ओरडली. असा आवाज तिच्यात होता हे आम्हांला माहीतच नव्हतं. मला हसू आलं. चांगुणाला आलं नाही.

तिला भूक लागली होती, चार दिवसांची. चमचा ती जिभेने ढकलून देत होती आणि तोंड सारखं चांगुणाच्या पदराकडे वळवत होती. चांगुणाचं पोलकं भिजलं. तिने मुलीला उभं धरलं, खांद्यावर घेतलं, येरझारा घातल्या. मी चमचा पुढे केला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"द्राक्षाचा, म्हणालात."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हांला."

मुलगी दोघींच्या वतीने रडत होती.

माझ्या मनगटावर घड्याळ होतं. लग्नात सासूबाईंनी दिलेलं, दिवसाला एक मिनिटसुद्धा न चुकणारं. मी दर थोड्या वेळाने वेळ सांगत होतो. पावणेदोन. दोनला दहा कमी. दोनला पाच.

"दोन वाजले," मी म्हणालो. "पाज आता."

चांगुणा हलली नाही. मुलगी तिच्या खांद्याला तोंड घासत होती. औषधखोलीतून सिस्टर बाहेर येईपर्यंत चांगुणा तशीच उभी राहिली.

"सिस्टर," तिने विचारलं, "किती वाजले हो?"