मऊ रान

"ट्रक आत येणार नाही," आक्का म्हणाली आणि रानाच्या फाटकात ट्रॅक्टर आडवा लावून खाली उतरली.

ट्रकवाल्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "मावशी, गाजरांचे ढीग तिकडे, मी इकडे. गाजरं काय पायांनी चालत येणार?"

"मी आणून देते ना."

"आभाळ बघा जरा! पाऊस आला की मी निघालो. राहील ते राहील."

"बरं," आक्का म्हणाली आणि मागच्या टायरपाशी उकिडवी बसली. तिनं व्हॉल्व्हची टोपी काढून आतली पिन दाबली. फुस्स आवाज सुरू झाला.

हा आवाज आजूबाजूच्या सगळ्या रानांना पाठ होता. रस्त्यावर टायर कडक ठेवायचे, रानात शिरताना हवा कमी करायची आणि बाहेर पडताना इंजिनावर चालणाऱ्या छोट्या पंपानं पुन्हा भरायची. घाईतल्या माणसाला वेड लावणारं काम. लोक तिला फुस्सआक्का म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती ओ देई.

दीर डोक्यावरची टोपली सावरत आला. "वहिनी, आज तरी हे सोंग सोडा! उद्यापासून रान दुसऱ्याचं. इतकी वर्षं आपण ते कसलं, पण मुदत संपली तेव्हा मालकानं आपल्याला साधं विचारलं का? आणि तुम्ही अजून त्याच्या मातीचे लाड पुरवताय! येऊ द्या ट्रक आत. दबली माती तर दबली. नवा येईल तो बघून घेईल."

"बघेलच ना," आक्का म्हणाली. "म्हणून तर."

दिरानं मोठ्या भावाकडे पाहिलं. आक्काचा नवरा बांधाशी बसून गाजरांची माती झटकत होता. "माझ्याकडे काय बघतोस?" तो म्हणाला. "मी लग्नानंतर आठवड्याभरातच वाद घालायचं सोडलं."

हे रान त्यांनी कसायला घेतलं तेव्हा फाटकाजवळच्या तुकड्यात सरळ गाजर निघत नसे. आधीच्या लोकांनी ओल्या मातीत भरलेल्या गाड्या तिथंच उभ्या केल्या होत्या. वरची ढेकळं फुटत, पण वीतभर खाली माती फरशीसारखी. गाजराचं मूळ तिथं अडे आणि फाटे. दोन पायांची, तीन पायांची, मांडी घालून बसलेली गाजरं निघत. बाजारात लोक ती बघून हसत, पण घेत नसत. त्या तुकड्याला पुन्हा श्वास घेता यावा म्हणून आक्कानं हंगामामागून हंगाम घालवले. ओल्यात शिरली नाही, ओझं कमी ठेवलं आणि सगळ्या रानात चाकांसाठी एकच पट्टा राखला. आता तिथलं गाजर टोकापर्यंत सरळ येई. आज निघत होतं ते अखेरचं पीक.

टायर बसके झाले, त्यांचं पोट जमिनीला टेकलं. ट्रकवाला बघत होता. "एवढ्याशा हवेनं काय फरक पडतो हो?"

"घरी गादीवर टाचेवर उभे राहा," आक्का चढता चढता म्हणाली. "मग त्याच गादीवर आडवे व्हा. वजन तुमचं तेवढंच. पण गादीला विचारा."

"बायको गादीवर उभं राहू देईल तर ना!"

ती हसली आणि ट्रॅक्टर पट्ट्यावर घातला.

ट्रॉली अर्धीच भरायची, सावकाश आणायची, टोपल्यांनी ट्रकात चढवायची, परत जायचं. कालच्या पावसानं माती अजून ओली होती. भरून आणली असती तर खेपा निम्म्या झाल्या असत्या. दीर प्रत्येक खेपेला आभाळाकडे आणि मग वहिनीकडे पाही. दोन्हीकडे सारखाच अंधारलेला चेहरा. वारा सुटला तशी तिनंही एकदा आभाळाकडे पाहिलं. माल भिजला, राहिला, तर सगळे तिलाच बोलणार होते, आणि बरोबरच बोलणार होते. पण तिनं ट्रॉली अर्ध्याहून वर भरू दिली नाही.

शेवटी ट्रकवालाच चरफडत खाली उतरला. "द्या इकडे टोपली! तुमच्या नादानं मी भिजायचो." मग हात वाढले. शेवटची टोपली चढली, ताडपत्री आवळली, तेव्हा पहिले थेंब तिच्यावर वाजले. ट्रकवाल्यानं जाताना उगाचच लांबलचक हॉर्न दिला.

आक्का फाटकाशी टायरमध्ये हवा भरत होती. इतक्यात रस्त्यानं एक भला दांडगा नवाकोरा ट्रॅक्टर आला. रान घेणारा नवा माणूस होता.

"म्हटलं, उद्याच्या आधी एकदा नजर टाकावी," तो म्हणाला. फाटकाला टेकवलेली, वरून मुठीसाठी वाकवलेली लोखंडी सळई त्याला दिसली. "ही कशाला?"

"माती बघायला. रोवून बघा."

तो चार पावलं आत गेला. गाड्या उभ्या राहायच्या त्याच तुकड्यात. सवयीप्रमाणे त्यानं दोन्ही हातांनी मूठ धरली, पाय फाकवले आणि अंगाचा सगळा भार टाकला. सळई लोण्यात सुरी जावी तशी मुठीपर्यंत आत गेली, आणि तिच्यामागून तोही गुडघ्यांवर आला.

दीर हसणार होता. नवऱ्यानं त्याच्या पायावर पाय दिला.

माणूस तसाच गुडघ्यांवर राहिला. मूठभर माती उचलून त्यानं दाबली, सोडली. "काय घालता हो तुम्ही या रानात?"

"घालत काही नाही," आक्का म्हणाली. "काढते. टायरमधली हवा."

तो उठून सळई उपटायला लागला.

"राहू द्या ती," ती म्हणाली. "ती इथलीच आहे."

दीर आणि नवरा ट्रॉलीत चढले. बसता बसता दीर म्हणाला, "वहिनी, बघितलंत का, कसा पडला!" आणि त्याचा आवाज जरा ओला झाला.

ट्रॅक्टर रस्त्याला लागणार, तेवढ्यात मागून आवाज आला. फुस्स. मोठ्या टायरचा, जाड, लांबणारा.

आक्कानं मागं वळून पाहिलं नाही. तिनं फक्त इंजिन जरा हळू केलं आणि तो आवाज थांबेपर्यंत तसंच ठेवलं.