मधले दोन बोल्ट

मित्रांनो, मी एका लाँचच्या इंजिनाचं जुनं सिलिंडर हेड आहे, आणि माझं डोकं फिरलेलं आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळूच डोळे पुसतात म्हणे. मला डोळे नाहीत, आणि असते तरी पुसले नसते. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू लागा.

इंजिनात खाली सिलिंडर असतात, त्यांत पिस्टन वरखाली पळतात. त्या सगळ्यांवर मी बसायचो. मला नुसतं झाकण म्हणू नका. हवा आत जायची ती माझ्यातून, धूर बाहेर पडायचा तोही माझ्यातून. आत आग पेटलेली आणि तिच्या शेजारून गार पाणी खेळतंय, हे सगळं माझ्याच अंगात चालायचं. आगीला पाणी भेटू द्यायचं नाही, ही माझी नोकरी. त्यासाठी माझ्या खाली फट बुजवणारं एक पातळ गॅस्केट, आणि मला दाबून धरायला दहा बोल्ट.

मला ओतीव लोखंडातून, बिडातून घडवलं, टर्नरने माझा तळ घासून सपाट केला, आणि एका लाँचवाल्याने मला घरी नेलं. नदीच्या या काठावरची माणसं त्या काठाला नेणं हा त्याचा धंदा. माणूस तोंडाने फाटका होता, पण हात सोन्याचा. मला बसवायचं तर मधल्या दोन बोल्टांपासून सुरुवात, मग एकदा इकडचा, एकदा तिकडचा, असं बाहेर बाहेर जायचं. तेही एका दमात नाही, फेऱ्या करून, हळूहळू. आणि ज्याने पाना उचलला त्यानेच शेवटपर्यंत आवळायचं. मध्ये कुणी हात बदलला की तो सगळे बोल्ट सैल करायला लावायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही पोरांना त्याने हे शिव्या देऊन देऊन शिकवलं.

माझे चांगले दिवस होते ते. पोहोचवायला उशीर केला असेल, पण माणसं भर पाण्यात कधी अडकवली नाहीत. उतारू म्हणायचे, हिच्या आवाजाने झोप लागते.

मग म्हातारा गेला आणि ही दोन रत्नं उरली. एकदा धाकट्याने लाँच धक्क्यावर जोरात आदळली, आणि थोरल्याने भरल्या उतारूंसमोर त्याच्या हातातलं सुकाणू काढून घेतलं. झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. एकाच घरात जेवायचे, एकाच लाँचवर उभे राहायचे, आणि निरोप मात्र थोरल्याच्या बायकोमार्फत. वहिनी बिचारी तिकिटं फाडायला यायची, तिची टपालपेटी झाली.

"वहिनी, दादाला सांग, त्या दुसऱ्या लाँचवाल्याची, टोपीवाल्याची नवी लाँच आपल्या आधी पोचते. उतारू तिकडे चाललेत."

"त्याला सांग, मला डोळे आहेत."

"दादाला सांग, नुसते डोळे असून भागत नाही."

वहिनी दोघांच्या मधोमध उभी. ती म्हणाली, "ऐकलंय त्यांनी. तुम्हीही ऐकलंय. आता माझं ऐका. लाँच बंद पडली तर या घरात उद्या दोन चुली होतील. मग मला मध्ये उभं राहायलाही जागा नाही उरणार."

हे मात्र दोघांना कळलं. लाँच टिकली तर घर टिकेल. पण कळून करायचं काय, तर धाकट्याने गॅरेजवाल्याकडून एक नवं हेड आणलं. ॲल्युमिनियमचं, चकचकीत, वजनाला माझ्या निम्मंही नाही. व्हॉल्व्ह मोठे, हवेच्या वाटा रुंद. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. असलं कार्टं माझ्या जागी बसणार होतं. म्हाताऱ्याने मला कापडाने पुसून ठेवलं असतं. याने मला सुटं केलं आणि पायाने कोपऱ्यात सरकवलं. हो, पायाने.

आता हे नवं बसवायचं कुणी? धाकटा म्हणाला, हेड मी आणलं, मीच बसवणार. थोरला म्हणाला, इंजिनाला हात लावायला मला बाबांनी आधी शिकवलं. हेही सगळं वहिनीमार्फत. शेवटी तिचा धीर सुटला. "अर्धं अर्धं करा आणि मरा एकदाचे," असं म्हणून पिशवी उचलून ती धक्क्यावर निघून गेली.

आणि मित्रांनो, या शहाण्यांनी खरंच अर्धं अर्धं केलं. दहाही बोल्ट धाकट्याने हाताने फिरवून बसवून ठेवले आणि तो बाहेर बिडी ओढायला गेला. थोरला आला. पाण्यातल्या पंख्याकडच्या बाजूचे चार बोल्ट त्याने बापासारखे आवळले, पाना ठेवला आणि गेला. मग धाकटा आला. दुसऱ्या टोकाचे, पट्ट्याकडचे चार त्याने जीव खाऊन आवळले. चार आणि चार आठ. मधले दोन तसेच राहिले, नुसते बोटांनी बसवलेले. मी कोपऱ्यातून बघत होतो. मला ओरडता येत नाही. आलं असतं तरी त्या दिवशी ओरडलो असतो की नाही, ते मला विचारू नका.

नव्या ताकदीने लाँचचं नाक वर उचललं जाईल, म्हणून पुढे वजन हवं होतं. ते वजन म्हणजे मी. इतकी वर्षं लाँच पळवली, आता दगडाच्या भावात नाकाशी पडलो.

जाताना लाँच अशी सुटली की टोपीवाला मागे बघतच राहिला. खोटं कशाला बोलू, त्या कार्ट्यात दम होता. उतारू उभे राहून हात हलवत होते. धाकटा हसला, आणि थोरल्याच्याही ओठाचा कोपरा हलला. वहिनीने ते पाहिलं. तिने तिकिटांची पिशवी मांडीवर घेतली आणि पहिल्यांदाच स्वस्थ बसली.

येताना, बरोबर पाण्याच्या मध्यावर, इंजिनाने एक खोकला काढला. मग पांढरी वाफ. मग सगळं गप्प. आगीला पाणी भेटलं होतं. लाँच प्रवाहाबरोबर आडवी वाहायला लागली. एक बाई लेकराला छातीशी धरून वहिनीला विचारत होती, "आता काय होणार?" अखेर टोपीवाल्याने दोर टाकला.

ओढत नेत असतानाच दोघं भांडायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा समोरासमोर.

"तुझ्या बाजूने गळलंय."

"माझ्या? माझे बोल्ट बघ, एक हलतोय का."

धक्क्यावर त्यांनी हेड उघडलं. गॅस्केट याच्या बाजूने धड होतं, त्याच्या बाजूनेही धड होतं. जळलं होतं ते मध्ये. आणि ते नवं हेड तापून मधोमध वाकलं होतं, त्याचीही माती झाली होती.

धाकटा म्हणाला, "बाबा मधल्यापासून सुरू करायचे. मला वाटलं, तू आधी तेच आवळले असशील."

थोरला म्हणाला, "हेड तुझं. मला वाटलं, मधले तू कुणाला हात लावू देणार नाहीस."

"विचारायचं ना मग."

"तू का नाही विचारलंस?"

दोघांनी एकदम वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. माझ्याकडे आता एकही निरोप नाही."

मला वाटलं, आता मला उचलतील. इंजिन शाबूत होतं. एक नवं गॅस्केट, मी, आणि एकाच्या हातातला पाना, एवढंच लागत होतं. पण तो एक कोण, यावर पुन्हा जुंपली, ती मिटलीच नाही. उतारू टोपीवाल्याकडे गेले. मागोमाग लाँचचं रिकामं धूडही त्यानेच घेतलं. त्याला आमचं इंजिन नको होतं. मग घराची वाटणी झाली, भांड्यांची झाली आणि आमचीही झाली. इंजिन धाकट्याला, मी थोरल्याला. अरे, पातेलं एकाला आणि झाकण दुसऱ्याला दिलंत तर शिजणार कुणाचं?

आता मी थोरल्याच्या दाराशी असतो. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला टेकवलंय. परवा धाकटा आला होता. उंबऱ्याबाहेर उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या अंगणात इंजिनावर गोणपाट टाकलंय, ते वहिनीला ठाऊक आहे. तिने विचारलं, "काही हवंय का, भाऊजी?"

आत थोरला जेवता जेवता थांबला. घास हातातच.

धाकटा म्हणाला, "काही नाही. सहज आलो होतो." आणि गेला. थोरल्याने तो घास ताटात परत ठेवला.

मित्रांनो, माझी काळजी घ्या म्हणून मी तुमच्या विनवण्या करणार नाही. मी बिडाचा आहे, अजून पुष्कळ वर्षं गंजेन. पण तुमच्याही घरात एखादं काम अर्धं अर्धं वाटून घेतलेलं असेल, तर आजच जा आणि मधलं कोण बघतोय ते तोंड उघडून विचारा. मला ते जमत नाही. तुम्हाला तोंड आहे.