ओढलं की घट्ट

आमच्या हिचं सगळं आयुष्य लघवीत गेलं, असं मॅडमचा नवरा पाहुण्यांसमोर म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. विनोद फालतू होता, पण खोटा नव्हता. मूत्राशयात घुसणारे जंतू हा मॅडमच्या संशोधनाचा विषय, आणि किती वर्षं झाली त्या एकाच प्रश्नाच्या मानगुटीवर बसल्या होत्या: माणूस दिवसातून इतक्या वेळा जाऊन येतो, प्रत्येक वेळी एवढा लोंढा वाहतो, मग हे मेले वाहून का जात नाहीत?

अर्धं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. या जंतूच्या अंगावर बारीक केस असतात, केसाच्या टोकाला एक प्रथिन असतं, आणि ते आपल्या पेशीवरची एक साखर हेरून तिला पकडतं. गोडाला चटावलेलं कार्टं, दुसरं काय! पण मॅडमच्या प्रयोगात ते कार्टं धड पकडतच नव्हतं. काचेच्या पट्टीवर पेशींचा थर, त्यावर सोडलेले जंतू आणि वरून पंपानं खारट पाण्याची धार. बिचाऱ्यांना त्रास नको म्हणून मॅडम ती धार तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं इतक्या हलक्या हातानं सोडायच्या, आणि जंतू निवांत घरंगळत निघून जायचे.

घरी मात्र चिकटण्याची काही अडचण नव्हती. मॅडमच्या मुलीला पावडरवाला चिकटला होता. पावडरवाला म्हणजे जिममध्ये प्रोटीन पावडरचे डबे विकणारा पोरगा. बोलताना दंड फुगवायचा आणि बोलणं संपलं तरी ते उतरवायला विसरायचा. मुलीला दूरच्या शहरात, कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली होती. तेच शिकली होती, त्याचंच वेड होतं. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता आणि बाईसाहेब पावडरवाल्यापायी नकार द्यायला निघाल्या होत्या. एवढी हुशार पोरगी इथंच कुजणार, हे मॅडमना बघवत नव्हतं.

त्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. समजावलं, रडून दाखवलं, अबोला धरला, तो कसा ठोंब्या आहे ते उदाहरणं देऊन सांगितलं. दर भांडणानंतर मुलगी त्याच्या मोटरसायकलवर आणखी बिलगून बसायची.

शनिवारी दुपारी मॅडम पंपापाशी असताना तिचा फोन आला.

"आई, मी नाही म्हणून कळवतेय."

"अक्कल गहाण टाकलीस का गं? त्या पावडरवाल्यासाठी?"

"त्याला तसं म्हणू नकोस!"

"मग काय म्हणू, जावईबापू?" मॅडम कडाडल्या, आणि त्या भरात हाताखालचं बटण त्यांनी पार टोकापर्यंत फिरवलं. तिकडून फोन कट झाला, इकडे पंप घोंघावायला लागला. गेली सकाळची मेहनत गटारात, असं पुटपुटत मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

जंतू जागचे हलले नव्हते. मघाशी हलक्या धारेत लोळणारे ते टोणगे एवढ्या लोंढ्यात पेशीला गच्च धरून बसले होते. मॅडमनी धार कमी केली, तशी पकड सुटली आणि लागले घरंगळायला. वाढवली की पुन्हा गच्च. म्हणजे ओढ बसली की ते टोकाचं प्रथिन साखरेला आणखी आवळत होतं, आणि ओढ गेली की सैल सोडत होतं. असलं काहीतरी त्यांनी वाचलेलं होतं, पण आपले जंतू त्यातले नव्हेत अशी त्यांची खात्री होती. "अरे लबाडांनो!" मॅडम एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

मग त्यांनी पंप बंद केला. मुलगी म्हणजे काही पेशी नव्हे, आणि पावडरवाल्याला तर जंतूचीही अक्कल नव्हती, हे त्यांना कळत होतं. तरी घरचा पंप टोकापर्यंत फिरवून कोण बसलंय, हेही आता कळलं होतं.

"तुझं तू ठरव बाई," त्या घरी जाऊन म्हणाल्या. "आणि उद्या त्याला जेवायला बोलाव."

"का? जेवणात काय घालणार आहेस?" मुलगी म्हणाली.

रविवारी पावडरवाला आला. मॅडमनी त्याला वाढलं, पावडरीबद्दल विचारलं, आणि तोंडाला कुलूप घातलं. मग काय, स्वारी सुटली. कुठली पावडर दुधातून, कुठली पाण्यातून, कुठली झोपण्याआधी. नवरा खूश होऊन बाही वर करून दंड दाखवायला लागला. कुणी पावडरवाल्याला नावं ठेवेना, त्यामुळे मुलीला त्याची बाजू घ्यायचं काम उरलं नाही, आणि तिला पहिल्यांदाच त्याचं बोलणं नुसतं ऐकावं लागलं. गोड पदार्थ येईपर्यंत तिनं दोनदा जांभई दाबली.

सोमवारी सकाळी तिनं होकार कळवला. मॅडम मनातल्या मनात नाचल्या.

निघायच्या दिवशी मुलगी दुसरी बॅग बंद करता करता म्हणाली, "आई, खरं सांगू? त्याचं काही नव्हतं गं एवढं. तू भांडत होतीस ना, तोवर माझा पायच निघत नव्हता. तू म्हणालीस तुझं तू ठरव, आणि एकदम वाटलं, जाता येईल."

मॅडमना आता उमगलं. म्हणजे इतके दिवस पोरगी धरून बसली होती ती आपल्याला. एक कडक वाक्य त्यांच्या जिभेवर आलंसुद्धा: जा, जायचं तर जा, आम्ही मेलो काय नि जगलो काय. एवढं बोललं असतं तर बॅग तिथल्या तिथं उघडली असती, दणकून भांडण झालं असतं आणि मुलगी राहिली असती. ती राहावी असं मॅडमना फार वाटत होतं.

"आटप लवकर, गाडी चुकेल," त्या म्हणाल्या, आणि दोन्हीतली जड बॅग त्यांनी स्वतः उचलली.