रक्त परत देताना

डायलिसिसच्या टेक्निशियनला एकच घोर लागला होता: आपलं तारण झालंय की नाही? बाप्तिस्म्याला वीस वर्षं झाली, उपवास झाले, रडून झालं, तरी मन काही ग्वाही देईना. पाळकांच्या मागे तर त्याने नुसता ससेमिरा लावला होता. शेवटी एकदा पाळक वैतागून म्हणाले, "अरे, प्रभूने तुला वाचवलं ते कपाटात जपून ठेवायला नाही, कामाला लावायला. तू दर वेळी आपलाच अर्ज घेऊन येतोस!" ते त्याला झोंबलं, पण पटलं नाही.

त्या शुक्रवारी दुपारी बाहेरगावचे एक मोठे प्रवचनकार चर्चमध्ये आले होते. त्यांनी डोक्यावर हात ठेवला की माणसाची शंका फिटते, अशी ख्याती होती. बायको जागा धरून बसली होती. वॉर्डात तीन मशीन चालू होती: एका मावशींचं, एका निवृत्त मास्तरांचं, एका ट्रक ड्रायव्हरचं. तास-दीड तास बाकी होता. "सिस्टर, तेवढं सांभाळा," म्हणून तो निघाला. जिना अर्धा उतरला आणि दिवे गेले.

तो थांबला. आता जनरेटर सुरू होईल, मग जाऊ. जनरेटर ढिम्म. वरून मशीनच्या अलार्मची पिपाणी ऐकू आली. मशीनमधल्या बॅटऱ्या जुन्या झाल्यात, हे त्याला महिनाभर ठाऊक होतं. तक्रार लिहायची राहिली होती. उपवास चालू होते ना! दोन-दोन पायऱ्या टाकत तो वर पळाला.

मावशींचं आणि मास्तरांचं मशीन बंद पडलं होतं. नळीत रक्त नुसतं उभं. असं उभं राहिलेलं रक्त गोठायला फार वेळ लागत नाही.

"सिस्टर, सलाइन जोडा, रक्त हाताने परत द्यायचं! मास्तरांना तुम्ही घ्या!"

पंपाचा हँडल बसवून तो फिरवू लागला. एवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या ट्रक ड्रायव्हरचं मशीनही गप्प झालं. मशीन तीन, माणसं दोन.

"माझा एक हात मोकळा आहे की," ड्रायव्हर म्हणाला. "जन्मभर स्टिअरिंगच फिरवलंय."

"पंपावरच्या बाणाच्या दिशेने फिरवा. सावकाश! हे घाटातलं वळण समजा."

मावशींचे ओठ पांढरे पडले होते. "बाळा, माझं काही खरं नाही का रे?"

"मावशी, माझ्या तोंडाकडे नका बघू, नळीकडे बघा. बुडबुडा दिसला की ओरडा."

बुडबुडा रक्तात गेला तर जीव जाऊ शकतो, आणि हवा पकडणारा यंत्राचा डोळाच मिटला होता. आता जे काही दिसायचं ते माणसांनाच. पाच मिनिटं तिन्ही हँडल फिरत राहिले. आणि मावशी किंचाळल्या, "त्याच्या नळीत! त्याच्या!"

"ड्रायव्हर, थांबा!" उजव्या हाताने मावशींचा हँडल फिरवत टेक्निशियनने वाकून डाव्या हाताने ड्रायव्हरची नळी चिमटीत दाबली. बुडबुडा दंडापासून वीतभर अंतरावर होता. सिस्टरने मास्तरांची नळी बंद करून धाव घेतली, टिचक्या मारत तो बुडबुडा मागे वर चढवला. मगच त्याने चिमूट सोडली.

हळूहळू नळ्या गुलाबी झाल्या, मग पाण्यासारख्या. तिघांचं रक्त तिघांच्या अंगात गेलं, तेव्हा जनरेटर घरघरला. मास्तर म्हणाले, "आले बघा, वरातीमागून घोडं!"

मोबाइल वाजला. बायको चिडली होती. "कुठे आहात? ते प्रार्थना करून गेलेसुद्धा!"

त्याने घडलं ते सांगितलं. मग म्हणाला, "अगं, एवढ्या वेळात मला माझ्या तारणाची आठवणसुद्धा झाली नाही."

"मग देवालाही जरा उसंत मिळाली असेल," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता.

"राहिलेला तास उद्या करायचा का?" सिस्टरने विचारलं.

"नको. मशीन तपासून आजच करू, मी थांबतो." बेसिनपाशी हात धुताना त्याने डोळे मिटले. प्रभू, आधी कोणाला घेऊ? एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

त्याने वळून पाहिलं. मावशींना धाप लागली होती. त्याने त्यांचीच खाट आधी मशीनपाशी ओढली.