दुमडीतलं कापड

तापानं गेलेल्या पोरीला पोचवून आलो, त्या दुपारी आमच्या शिवणाच्या दुकानात दोघं समजूत घालायला बसले. माझा थोरला भाऊ म्हणाला, "आत्मा मरत नाही रे. आपण कपडे बदलतो तसा तो शरीर बदलतो."

बायकोचा भाऊ बुद्धाला मानणारा. तो हळूच म्हणाला, "दाजी, बदलणारा असा कुणी नसतोच. एका दिव्यावरून दुसरा लागतो, तेवढंच. धरून ठेवलं की दुःख."

"मी शिंपी आहे!" मी ओरडलो. "नव्या अंगाचं माप सांगा, आत्ता शिवतो. आणि कुणी नव्हतंच, तर मी हातांवर काय नेलं?"

"ज्याचं त्याचं कर्म," भाऊ पुटपुटला. मेहुण्यानंही मान डोलावली. तेवढ्यावर मात्र दोघांचं जमलं.

"एवढ्याशा पोरीचं कसलं डोंबलाचं कर्म?"

तेवढ्यात मशीन सुरू झालं. वाढत्या अंगाच्या फ्रॉकला आम्ही खाली दोन बोटं कापड दुमडून ठेवतो. बायकोनं पोरीच्या फ्रॉकची ती दुमड उसवली होती आणि नव्या कडेवर टीप मारत होती.

"अगं, काय करतेस?"

"कुठंही गेली तरी वाढणारच ना ती," बायको म्हणाली.